अस्वल झालेला डबा

मी वाढवून सांगते हे आमच्या खोऱ्यात कुत्र्यामांजरांनासुद्धा माहीत आहे. ओरिन, माझा नवरा, म्हणायचा, "गसी, तुझी गोष्ट उकळून आटवली तर तळाला चमचाभर खरं सापडेल." तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल जे सांगते त्याला 'नाही' म्हणायला कोणी उरलेलं नाही, त्यामुळे दरवर्षी तो थोडा थोडा उंच होत चाललाय. जिवंत होता तेव्हा माझ्या खांद्याला लागायचा. आता त्याला दारातून वाकून यावं लागतं.

पण एका बाबतीत मी आयुष्यात कधी कणभर वाढवलं नाही की कमी केलं नाही. दारूच्या मापात.

दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी माझी नणंद आर्डिथ पिते, आणि ती मापात पीत नाही.

आम्ही काडतुसं घरीच भरतो. दुकानातून आणणारे लोक मोंटानात आहेत, नाही असं नाही, पण ते बहुतेक बाहेरून येऊन राहिलेले. आमच्या घरात झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून खिशात टाकायची, घरी आणून घासायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत दारू घालायची, वर गोळी दाबून बसवायची. ओरिनची ती जुनी लांब रायफल दुकानातल्या काडतुसांनी इकडेतिकडे मारते. माझ्या काडतुसांनी ती दोनशे यार्डांवरून कागदी ताटलीच्या मधोमध मारते. कारण प्रत्येकात दारू तेवढीच. तेवढीच म्हणजे तेवढीच.

ते कसं करायचं हे मला चाळीस वर्षांनी कळलं. बाकावर एक मापटं बसवलेलं असतं. वर काचेची उभी नळी, त्यात दारू भरायची. खाली पोलादी पोट, बाजूला दांडा. दांडा वर नेला की पोट भरतं, खाली आणला की नरसाळ्यातून दारू पडते. आता हा दांडा कधी हळू, कधी झटक्यात ओढलात तर माप कधी कमी, कधी जास्त. म्हणून वर नेताना एक श्वास, वर दोनदा टकटक, खाली आणताना एक श्वास. दर वेळी तेच. मग ते काट्यावर तोलायचं, चिमटीनं दोन-चार कण टाकून रेघेला रेघ जुळवायची. त्या वेळी शेगडीचा पंखा बंद, कारण वाऱ्यानं काट्याची दांडी उचलली जाते. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की दारू नरसाळ्याला चिकटून बसते. एकाला कमी मिळते आणि पुढच्याच्या वाट्याला दोघांची येते. त्याला उपाय म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात ना, ती वासाची मऊ चिंधी. तिनं नरसाळं पुसून घ्यायचं. म्हणून आमच्या काडतुसांना लॅव्हेंडरचा वास येतो. एकदा एका एल्कला, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या सांबराला, मी गोळी मारली तर तो मरायच्या आधी म्हणाला, "आज धुण्याचा वार वाटतं?"

बघा, लागले मी पुन्हा.

ओरिननं बाकावरच्या भिंतीला एक पुठ्ठा ठोकला होता. त्यावर दोनच ओळी. 'बाकावर एका वेळी एकच डबा. बाकाशी बोलणं बंद.' पहिली ओळ सगळ्यांसाठी होती. दुसरी माझ्यासाठी.

एक डबा का, ते सांगते. दारू सगळी दिसायला सारखी, काळी, बारीक तुकड्यांची. पण एक हळू जळते आणि एक भसकन जळते. हळू जळणारी ओरिनच्या लांब रायफलीसाठी. भसकन जळणारी आर्डिथच्या आखूड बंदुकीसाठी, आणि तिलाही ती थोडीच लागते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकसारख्या काळ्या डब्यांत. फरक फक्त चिठ्ठीवरच्या आकड्याचा. लांब रायफलीच्या पुंगळीत आखुडीची दारू लांबीच्या मापानं भरली, तर गोळी पुढं जायच्या आधी रायफल मागं फुटते. आणि मागं काय असतं? गाल असतो. डोळा असतो.

तर त्या ऑक्टोबरात, एल्कचा हंगाम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, माझी नात मार्लिस घरी आली. सव्वीस वर्षांची, घोड्यांना नाल मारते, हातात एवढी ताकद की बरणीची झाकणं आम्ही तिच्यासाठी राखून ठेवतो. हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी ती एल्डर ओढ्याच्या काठी तंबू ठोकायची आणि आता तिच्याकडं आलेली ओरिनची लांब रायफल अजून नीट मारते ना हे बघायला एक गोळी कागदी ताटलीवर झाडायची. ओरिननं लावलेली सवय. तिला शुक्रवारी सकाळी निघायचं होतं, आणि काडतुसं मी भरून देणार होते.

त्या दुपारी बाकाशी आर्डिथ होती. तिनं आपल्या आखूड बंदुकीसाठी मापट्याच्या नळीत तिची दारू भरली, डबा नियमाप्रमाणे मापट्याशेजारी ठेवला, आणि तेवढ्यात शेळ्या कुंपणाबाहेर गेल्या म्हणून तणतणत गेली. मार्लिस कॉफी घेऊन आत आली आणि म्हणाली, "आजी, ते अस्वलाचं परत सांग ना. कालच मी घोड्याच्या मालकाला सांगत होते, पण माझ्याकडून ते जमत नाही."

आता मला असं कोणी म्हटलं की माझं काय होतं ते मलाच माहीत.

अस्वलाची गोष्ट अशी की ओरिनकडच्या गोळ्या संपल्या आणि त्यानं माझी पावाची बिस्किटं फेकून मारली. अस्वलानं एक चावलं, दात तुटला, आणि ते आमच्या मागं मागं दातवाल्याकडं आलं. ही गोष्ट हातवाऱ्यांशिवाय होत नाही. कॉफीचा मग म्हणजे ओरिन. आर्डिथचा डबा म्हणजे मी. पण अस्वल पाहिजे ना? अस्वलाशिवाय काय सांगणार? म्हणून मी कपाट उघडलं आणि आतून लांब रायफलीच्या दारूचा नवा डबा काढला. तो अस्वल.

बाकावर दोन डबे. पुठ्ठा माझ्या डोक्यावर, आणि मी त्याच्याखाली उभी राहून अस्वल नाचवतेय.

मार्लिस इतकी हसली की तिच्या नाकातून कॉफी आली. मग आर्डिथनं बाहेरून हाक मारली, "अगं कोणीतरी येताय का, का मी एकटीच शेळ्यांच्या मागं मरू?" आम्ही पळालो. पळता पळता मी एक डबा उचलून कपाटात टाकला. शेळ्या धरता धरता आर्डिथची कंबर लचकली आणि ती जी झोपली ती दुसऱ्या दिवशीच उठली. बाकाकडं परत कोणी फिरकलं नाही.

शुक्रवारी पहाटे मी उठले, बाकाशी बसले. मापट्याची नळी भरलेली. शेजारी डबा. चिठ्ठीवर आकडा लांब रायफलीचा. मी मनात म्हटलं, बघा, कंबर धरूनसुद्धा आर्डिथनं माझ्यासाठी भरून ठेवली. मला भरून आलं. एवढी चांगली नणंद कोणाला मिळते!

पंखा बंद केला. नरसाळं पुसलं. एक श्वास, टकटक, एक श्वास. वीस पुंगळ्या. एकेक तोलली. रेघेला रेघ. त्या दिवशी माझा हात असा लागला होता की चिमटीनं कण टाकायची गरज चारदासुद्धा पडली नसेल. दहा मार्लिसच्या डबीत घातल्या, दहा घरी ठेवल्या. आठ वाजता ती पिकअपमध्ये बसली, मी तिच्या गालाची पापी घेतली आणि ती गेली.

नळीत उरलेली दारू परत डब्यात ओतायची असते. मी डबा घेतला, झाकण फिरवलं.

झाकणाखाली चंदेरी सील होतं. जसंच्या तसं. कुठं टोचलेलं नाही, फाडलेलं नाही.

ज्या डब्याचं सीलच तुटलेलं नाही, त्यातली दारू नळीत कशी जाईल? मग नळीत कोणाची आहे? कपाट उघडलं. आत आर्डिथचा डबा, सील फाडलेला, अर्धा रिकामा.

"आर्डिथ!"

ती कंबरेला हात लावून दारात आली. "काय झालं? साप निघाला का?"

"काल नळीत काय भरलंस?"

"माझी. आखुडीची. का?" तिनं माझ्या हातातला डबा बघितला. मग कपाटातला बघितला. मग वीस पुंगळ्यांचा रिकामा लाकडी ठोकळा बघितला. आर्डिथ कमी बोलते. ती फक्त म्हणाली, "ती कधी निघाली?"

"वीस मिनिटं झाली."

"चल."

फोन करण्यात अर्थ नव्हता. धान्याच्या कोठाराच्या पुढं गेलं की आमच्याकडं फोन लागत नाही. पण खोऱ्यातल्या प्रत्येक गाडीत वॉकी-टॉकी असतो, आणि सगळे एकाच चॅनलवर. डोंगर मधे आला की आवाज जात नाही, पण एल्डर ओढ्याच्या तोंडाशी पोचलं की मार्लिसला ऐकू जाईल. मला डोळ्यांमुळं गाडी चालवायला बंदी आहे. आर्डिथनं कंबरेखाली उशी घेतली आणि असं चालवलं की मी ते वाढवून सांगूच शकत नाही.

खडीचा रस्ता, त्यावर पातळ बर्फ. मी वॉकी-टॉकी दोन्ही हातांनी धरलेला. डोक्यात एकच हिशोब. तिला चाळीस मिनिटं पोचायला. तंबू ठोकायला अर्धा तास. आधी तंबू ठोकते का आधी ताटली लावते? मला आठवेना. सव्वीस वर्षं जिला ओळखते, ती आधी काय करते हे मला आठवेना.

"आधी तंबू," आर्डिथ म्हणाली. मी मोठ्यानं बोलले होते बहुतेक.

"नक्की?"

"नाही."

शेवटच्या वळणावर डोंगर बाजूला झाला. मी बटण दाबलं.

"मार्लिस! मार्लिस, आजी बोलतेय. गोळी झाडू नकोस. ऐकतेस का? झाडू नकोस, रायफल फुटेल!"

खरखर. खरखर. मग तिचा आवाज, मजेतला. "आजी? तू इकडं कशी? रायफल का फुटेल? आत अस्वल बसलंय का?"

आणि लगेच दुसरा आवाज. डेलमार, आमचा शेजारी, जो दिवसभर त्या चॅनलवर कान लावून बसलेला असतो. "गसी, त्या अस्वलाला म्हणावं माझी शिडी परत कर."

"डेलमार, तू गप बस! मार्लिस, मी खरं बोलतेय. दारू चुकीची आहे."

"मागच्या वर्षी पूल वाहून गेला म्हणाली होतीस," मार्लिस म्हणाली. "सहा मैल वळसा घालून आले मी. पूल जागच्या जागी होता."

"गसीला तुला माझ्या पुतण्याच्या घरावरून न्यायचं होतं," डेलमार म्हणाला. "तो दारात अंघोळ करून उभा होता बिचारा."

ते खरं होतं. मीच केलं होतं. पोरगा चांगला होता आणि पूल सांगितल्याशिवाय ती त्या बाजूला गेलीच नसती.

आर्डिथनं एका हातानं वॉकी-टॉकी माझ्याकडून ओढला. "मार्लिस, आर्डिथ बोलतेय. ती खरं सांगतेय."

"आर्डिथआत्या!" मार्लिस आणखीनच हसली. "पूल वाहून गेल्याचं तूच तर शपथेवर सांगितलंस!"

तेही खरं. जन्मात एकदाच आर्डिथ खोटं बोलली, ते माझ्यासाठी. मी तिला एक बाटली कबूल केली होती. तिनं वॉकी-टॉकी माझ्या मांडीवर टाकला.

"बरं ऐका," मार्लिस म्हणाली, "ताटली लावलीय, पहिली आत घातलीय. एक मारते, मग तुम्ही येऊन सांगा काय ती गोष्ट. कॉफी ठेवते."

पहिली आत घातलीय. म्हणजे दस्ता खांद्याला. गाल दस्त्याला. तिचा तो गाल, ज्याची पापी मी सकाळी घेतली होती.

मला ओरडावंसं वाटलं. देवाची शपथ, आईची शपथ, सगळं तोंडाशी आलं. पण या सगळ्या शपथा मी पुलासाठी वापरून टाकल्या होत्या. माझ्याकडं तिला पटावं असं एकही वाक्य उरलं नव्हतं. मग मी ते सांगितलं जे मी आर्डिथलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मार्लिस. काल अस्वल केलं ना, तो लांब रायफलीचा डबा होता. शेळ्यांच्या गडबडीत मी आर्डिथचा डबा कपाटात ठेवला आणि अस्वल बाकावर राहिलं. नळीत आर्डिथची दारू होती. मी डब्यावरचा आकडा बघितला. सील बघितलं नाही. वीस भरली." मी बटण आणखी घट्ट दाबलं. "आणि भरताना दारू मानेत खाली दिसत होती. दर पुंगळीत. मी ते बघितलं. बघितलं आणि पुढं भरत गेले."

आर्डिथचा पाय ब्रेकवर गेला, गाडी घसरली आणि कडेच्या चरात जाता जाता राहिली. ती माझ्याकडं बघत नव्हती.

चॅनलवर कोणी हसलं नाही. डेलमारसुद्धा नाही. मला वाटतं, साठ वर्षांत मी त्या खोऱ्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट अशी सांगितली होती, जिच्यात मी मूर्ख होते.

मग मार्लिसचा आवाज आला. मजा गेलेली. "किती खाली?"

हा प्रश्न काडतुसं भरणारं माणूसच विचारतं. पुंगळीला खांदा असतो आणि वर मान असते, आणि तोललेली दारू कुठवर येते हे आम्हाला डोळ्यांनी पाठ असतं. भसकन जळणारी दारू जड, तेवढ्याच वजनाला जागा कमी घेते.

"खांद्याला टेकलेली."

"एरवी?"

"अर्ध्या मानेपर्यंत."

खरखर. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. रायफलीची मागची कडी ओढून काडतूस बाहेर काढल्याचा.

"काढली," ती म्हणाली. मग, "आजी, तू ते बघितलंस?"

"बघितलं."

"आणि तरी?"

माझ्याकडं एकच उत्तर होतं आणि ते खरं होतं. "काटा बरोबर होता, बाळा."

कोणीतरी बाईनं, बहुतेक डेलमारची बायको फर्न, हळूच "अरे देवा" म्हटलं आणि चॅनल बंद झालं.

आम्ही पोचलो तेव्हा मार्लिस पिकअपच्या मागच्या फळीवर बसली होती. तंबू तसाच गुंडाळलेला. तिनं आधी ताटली लावली होती. चाळीस पावलांवर, झाडाला, पांढरी, कोरी. रायफल तिनं खाली घोंगडीवर ठेवली होती, तोंड डोंगराकडं, आणि दहाच्या दहा काडतुसं शेजारी ओळीत उभी केली होती. जी आत घातलेली होती ती थोडी बाजूला.

मी तिच्याकडं गेले. ती उठली नाही. मी तिच्या गालाला हात लावायला गेले तर ती मागं झाली. फार नाही, एवढंच. घोडा नवीन माणसापासून होतो तेवढी.

"आर्डिथआत्या, कॉफी," ती म्हणाली, आणि थर्मास पुढं केला. आर्डिथनं कॉफी ओतली ती निम्मी पँटवर.

"उरलेली दहा कुठंत?" मार्लिसनं विचारलं.

"घरी."

"मी येते. मीच फोडते."

परतीच्या वाटेवर डेलमार त्याच्या फाटकाशी उभा होता. हात वर करून त्यानं मार्लिसची गाडी थांबवली, खिडकीतून तिला दुकानातल्या काडतुसांची एक डबी दिली. मग मागून आमची गाडी आली तेव्हा माझ्या बाजूला येऊन त्यानं टोपी काढली. "गसी," म्हणाला. मी वाट बघितली. आता काहीतरी म्हणेल. शिडीचं, अस्वलाचं, काहीही. तो टोपी हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "बरं झालं, वेळेत पोचलात." आणि गेला. डेलमार माझ्याशी नीट बोलला, तेव्हा मी खरी घाबरले.

घरी मार्लिस बाकाशी बसली. माझ्या जागेवर. मी मागं स्टुलावर. पुठ्ठा तिच्या डोक्यावर होता, पण तिला बोलायला कोणी बंदी करायची गरजच नव्हती.

काडतूस फोडायला एक हातोडी असते, पोकळ, लहान पोरांच्या खेळण्यासारखी. तिच्या तोंडात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं. गोळी सुटते, दारू आतल्या कप्प्यात पडते. ठक. ठक. ठक. तिसऱ्या फटक्याला गोळी सुटली. तिनं दारू काट्याच्या ताटलीत ओतली, पंखा बंद आहे ना हे वळून बघितलं, आणि दांडी स्थिर व्हायची वाट बघितली.

"का तोलतेस?" मी विचारलं. "फेकूनच द्यायचीय."

"बघायचंय."

दुसरं. तिसरं. सातवं. दर वेळी दांडी हलायची, हळूहळू थांबायची आणि त्याच रेघेवर यायची. मला तिथं बसवेना आणि उठवेना. दहाव्यानंतर तिनं मी सकाळी तिच्या डबीत घालून दिलेली ती दहा घेतली. आधी ती, जी आत घातलेली होती. ठक. ठक. ठक. ठक. ती सुटायला चार फटके लागले.

तीही त्याच रेघेवर.

आर्डिथ दारात उभी होती, कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधून. "पुरे आता, पोरी," ती म्हणाली. मार्लिस थांबली नाही. वीसच्या वीस तिनं फोडली, वीसच्या वीस तोलली. मग सगळी दारू एका बादलीत झाडून घेतली, बाहेर नेली आणि परसातल्या गवतावर पातळ पसरली. आमच्याकडं नको असलेली दारू तशीच टाकतात, गवताला चांगली असते. मी खिडकीतून बघत होते. ती दाणे पेरावेत तशी पसरत होती, एकसारखी, हात न थांबवता. हात चालवायला तिला मीच शिकवलं होतं.

आत येऊन तिनं काटा पुसला, दांडीवरचं वजन शून्यावर आणलं, आर्डिथचा डबा आणि माझा डबा दोन्ही कपाटात ठेवले आणि मापट्याची नळी कपड्यानं कोरडी केली.

"एकातही फरक नाही," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "विसात. सर्वांत बारीक रेघेचासुद्धा नाही. असं मी कोणाचंच बघितलं नाही, आजी."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य मी खोऱ्यातल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं असतं.

तीन वाजता ती निघायला उठली. डेलमारनं दिलेली डबी तिनं कोटाच्या खिशात घातली.

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"दुकानातली घेईन."

"दुकानातली एकसारखी नसतात, मार्लिस. त्या रायफलीत तर मुळीच नाही. कुठंही जाते गोळी."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि हात धुवायला मोरीकडं गेली.